कडं इथं, डबी औरंगाबादला

टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर हे यंत्र दिसायला अगदी साधं असतं. सागवानी पाटावर उभं केलेलं पितळेचं एक कडं, जेवणाच्या ताटाएवढं. कड्याच्या घेरावर रेशीम गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचे वेढे. आणि कड्याच्या बरोबर मध्यावर, एका आडव्या फळीवर, होकायंत्राची काचेची डबी. तारेतून वीज सोडली की डबीतली सुई वळते. किती अंश वळली ते वाचायचं आणि त्यावरून वीज किती ते गणितानं काढायचं. कड्याशिवाय डबी म्हणजे नुसतं होकायंत्र. डबीशिवाय कडं म्हणजे काहीच नाही. त्यावर पापडसुद्धा वाळत घालता येत नाहीत. हे कळायला फिजिक्स शिकावं लागत नाही. तरीही हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा चार शिकल्यासवरल्या माणसांनी सह्या करून आमचं कडं हैदराबादला ठेवलं आणि डबी औरंगाबादला देऊन टाकली.

मी तेव्हा पंचवीसच्या आतबाहेर होते आणि जामबागेतल्या मुलींच्या एका लहानशा कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. डेमॉन्स्ट्रेटर म्हणजे प्रॅक्टिकलची सगळी कामं करायची आणि प्रोफेसरांनी तास घेतला असं म्हणायचं. प्रयोगशाळा एका जुन्या घराच्या मागच्या पडवीत होती. आमची बरीचशी उपकरणं शिक्षण खात्याच्या भांडारातून उसनी आलेली होती आणि त्यांतलं बरंच सामान माझ्या वडिलांच्या वयाचं होतं. गॅल्व्हानोमीटर तर त्याहून जुना. पण तो चालायचा. इतकी वर्षं चाललेल्या वस्तूला माणसांनी हात लावू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबईकडे गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, आम्ही राहिलो ते आंध्रात. मग सगळ्याचीच वाटणी निघाली: फायली, टाइपरायटर, कारकून, आणि भांडारातली शाळा-कॉलेजांची उपकरणं. दोन बाबू तीन रंगांच्या दोऱ्यांची रिळं घेऊन आले. हिरवा दोरा इथला, निळा औरंगाबादचा, लाल कन्नड भागाचा. मी त्या दिवशी तापानं घरी होते. माझी त्या प्रकरणातली चूक विचारली तर एवढीच.

दोन दिवसांनी परत आले तर एक मुलगी दारातच उभी होती. इंटरच्या वर्गातली ही सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत कमी बोलणारी. वडील सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात मुनीम. घराणं परभणीकडचं, शेतीवाल्यांचं, शहरात येऊन एक पिढी झालेलं.

"बाई, डबी नाहीये," ती म्हणाली.

"कपाटात बघ."

"बघितलं. चौकोन राहिलाय. धुळीचा."

खरोखरच चौकोन राहिला होता. वरच्या कपाटात कडं होतं, त्याला हिरवा दोरा बांधलेला.

मी मुन्शीजींना गाठलं. हे आमचे स्टोअरकीपर, सत्तरीकडे झुकलेले, शेरवानीची सगळी बटणं लावून बसणारे. त्यांना मराठी पूर्ण कळायची, पण गरज असेल तेव्हा कळायची नाही. म्हणून मी सरळ दख्खनीतच विचारलं.

"मुन्शीजी, सुई की डबी किधर है?"

"वो तो गई, बीबी. दो अदद थे. एक उनकू दिये, एक हमकू रक्खे. झगडा नक्को बोलके बराबर बाट दिया मैं."

"दो किधर से हुए? एकच मशीन है वो!"

"नंबर तो दो हैं," ते शांतपणे म्हणाले आणि कड्याच्या पाटावरचा पांढऱ्या रंगातला आकडा दाखवला.

नंबर दोन होते हे खरं. त्यालाही कारण होतं, आणि ते कारण योग्य होतं, याचाच मला जास्त संताप आला. पावसाळ्यात तारेवरचं रेशीम ओल धरतं, म्हणून कडं उंच कपाटात ठेवायचं. सुईला लोखंड चालत नाही, म्हणून डबी लांब, वेगळ्या लाकडी कपाटात. ही पद्धत पूर्वीच्या कुणा फिजिक्सवाल्यानं घालून दिली होती. मुन्शीजींनी दोन कपाटांत दोन वस्तू पाहिल्या आणि दोन नंबर घातले. यादीत झालं, गॅल्व्हानोमीटर, नग दोन. वाटणी करणाऱ्यांनी एक इकडे आणि एक तिकडे लिहिला. दोनांत तिसरा वाटा निघेना, म्हणून कन्नड भागाला जास्तीचा एक पट्टी-चुंबक देऊन त्यांची समजूत घातली होती. सगळ्यांना न्याय मिळाला होता. यंत्र तेवढं राहिलं नव्हतं.

एरवी मी कपाळावर हात मारून गप्प बसले असते. पण इंटरची प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली होती, आणि पुढच्या गुरुवारी परीक्षाकेंद्राची तपासणी होती. ठरलेल्या उपकरणांतलं एक जरी कमी असलं तर केंद्र हलवणार, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मुलींचं दुसरं केंद्र आधीच भरलेलं. म्हणजे आमच्या अकरा मुलींना मुलांच्या कॉलेजात जाऊन परीक्षा द्यावी लागणार. आज हे वाचून कुणी हसेल. तेव्हा त्या अकरांपैकी निम्म्या मुली पडद्याच्या टांग्यातून यायच्या.

शनिवारी त्या हुशार मुलीचे वडील स्वतः आले. दुकानातून आले होते. काखेत गजाची लोखंडी पट्टी तशीच. खुर्चीवर बसले नाहीत.

"बाई, सेंटर कुठं येणार?"

"इथंच."

"नक्की?"

"नक्की." मला हे सांगायचा काही अधिकार नव्हता.

"नाही, मुलांच्या कॉलेजात असलं तर आम्ही बसवणार नाही तिला. स्पष्ट सांगतो, राग मानू नका. एक स्थळ थांबून आहे. परीक्षा होऊ दे म्हणून मीच त्यांना थांबवलंय. सेंटर बदललं तर कशाला थांबवायचं?"

"वर्ष जाईल तिचं."

"पोरीचं वर्ष जातं ते लग्न झाल्यावर कुणी मोजत नाही, बाई."

मुलगी त्यांच्यामागे उभी होती. तिनं मान खाली घातली नाही की वर केली नाही. ती माझ्याकडे बघत होती, हिला कितपत जमेल याचा अंदाज घेतल्यासारखी. मला तिचाही राग आला. तोंड आहे तर बोल की.

प्रिन्सिपल बाई फार शांत होत्या. "अर्ज करा," त्या म्हणाल्या. मी खात्याकडे अर्ज केला, इंग्रजीत, आकृती काढून. सोमवारी सकाळी उत्तर आलं. सदर वस्तू आता दुसऱ्या राज्याची मालमत्ता असल्यामुळे पत्रव्यवहार राज्य सरकारमार्फत करावा. आकृती परत पाठवली होती.

मग मी कडं चादरीत गुंडाळलं, सायकलरिक्षा केली आणि गौलीगुड्याला गेले. तिथं बस-अड्ड्याच्या मागं एका गोदामात जाणारा माल ठेवला होता. खडूनं दारांवर नावं लिहिलेली. औरंगाबादच्या खोलीत एक तरुण कारकून पेटाऱ्यावर बसून हुरडा खात होता.

"या ताई. मराठी दिसता."

"आहे. भाऊ, आमची एक डबी चुकून तुमच्याकडे आलीय."

"चुकून काय बी आलेलं न्हाई. सगळं लिस्टाप्रमाणं हाय."

पण माणूस वाईट नव्हता. त्यानं तिसऱ्या पेटाऱ्यातून डबी शोधून काढली. पेंढ्यात नीट बसवलेली होती. मी म्हटलं, तुम्हाला दाखवते. पेटाऱ्यावर कडं उभं केलं, फळीवर डबी बसवली, पाटाचे स्क्रू फिरवून सारखं केलं. सुई हलली, डोलली आणि उत्तरेला थांबली. आजूबाजूला लोखंडी पत्रे होते, म्हणजे उत्तर काही खरी नव्हती, पण त्याला ते पुरेसं होतं.

"अरे वा! म्हंजे हे दोन न्हाई, एकच हाय."

"तेच सांगायला आलेय."

"मग हे कडं आमच्याकडं का न्हाई आलं?"

मी कड्यावर हात ठेवला.

त्यानं यादी उघडून बोट ठेवलं. "हे बघा. गॅल्व्हानोमीटर, नग एक, औरंगाबाद. तुम्हीच म्हणता की दोन्ही मिळून एक नग. मग आमचा नग अर्धाच आलाय की!"

आणि त्यानं निळ्या दोऱ्याचं रीळ उचललं.

मी आयुष्यात पुष्कळ वेळा बरोबर मुद्दा मांडून हरले आहे, पण इतक्या झटपट कधीच नाही. मी त्याला सांगितलं की अकरा मुलींची परीक्षा आहे. तो म्हणाला, आमच्याकडं पोरं न्हाईत का? मी म्हटलं, तुमच्याकडे लगेच परीक्षा नाही. यावर तो पेटाऱ्यावरून उठलाच.

"ताई, राग नका मानू. निजामाच्या वेळंला सगळं हैदराबादलाच ऱ्हायलं. कॉलेजं हितं, दवाखाने हितं, नळ हितं. आमच्या शाळंत सायन्सच्या मास्तरनं खडूनं फळ्यावर काढलेली यंत्रं बघितली आम्ही. आता कुठं एक डबी मिळाली, तर त्येच्यावर बी तुमचा डोळा. तुम्ही तर आपल्याच की!"

तो म्हणत होता ते खरं होतं. मी डबी काढून त्याच्या हातात दिली, तो दोरा सोडवीपर्यंत कडं चादरीत गुंडाळलं आणि बाहेर पडले. लॉरी बुधवारी सकाळी निघणार, एवढं मात्र विचारून घेतलं. येताना रिक्षावाल्यानं विचारलं, "अम्मा, चादर में क्या है, ढोल?" मी म्हटलं, हो, ढोल.

कॉलेजात येऊन मी मुन्शीजींसमोर कडं आदळलं आणि सगळं सांगितलं. ते विचार करत दाढीवरून हात फिरवत बसले.

"बीबी, उस पोट्टे का कागज भरना है, बस. अदद के बदले अदद दे देव."

"कौनसा अदद? दुसरा गॅल्व्हानोमीटर कहां है अपने पास?"

"वो आईनेवाला नै क्या?"

आईनेवाला म्हणजे आरशाचा गॅल्व्हानोमीटर. एका प्रोफेसरांच्या विधवेनं कॉलेजला भेट दिलेला, म्हणून भांडाराच्या यादीत नसलेला. पितळेचं उंच नळकांडं, समोर काच, आत एका बारीक धातूच्या पट्टीला टांगलेलं वेटोळं आणि नखाएवढा आरसा. फार देखणा. आणि मेलेला. ती पट्टी तुटून आरसा तळाशी पडला होता. तशी पट्टी हैदराबादेत कुठं मिळत नाही हे मी सगळ्या दुकानांत जाऊन आधीच पाहिलं होतं.

मी प्रिन्सिपल बाईंकडे गेले. त्या लिहीत होत्या.

"तो चालत नाही ना?"

"नाही."

"मग आपलं काय कमी होतंय?" असं म्हणून त्यांनी मान वर न करता मी नेलेल्या चिठ्ठीवर सही केली.

मंगळवारी मुन्शीजी आणि मी, मध्ये ते नळकांडं, असे रिक्षातून गेलो. मुन्शीजींनी पितळ राखेनं घासून लखलखीत केलं होतं. कारकुनानं काचेला डोळा लावून पाहिलं, मग मागं सरून पाहिलं.

"ह्ये तर भारीच दिसतंय."

"अव्वल चीज है मियाँ," मुन्शीजी म्हणाले. "विलायती."

"गॅल्व्हानोमीटरच हाय ना पण?"

"गॅल्व्हानोमीटरच," मी म्हणाले. ते खरं होतं.

"चालतं न्हवं, ताई?"

मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलं. ते चालत नाही हे त्यांनाही बहुधा माहीत नव्हतं.

"आतली पट्टी नवी घालावी लागेल. घातली की चालतं."

"मग घालतील की तिकडं कुणीतरी," तो म्हणाला आणि खूश होऊन निळा दोरा बांधायला लागला. आपल्या जिल्ह्याला अर्ध्या नगाच्या जागी पूर्ण नग मिळाला, तोही मोठा. पट्टी मिळत नाही हे मी सांगितलं नाही. सांगता आलं असतं; तो दोरा बांधायला बराच वेळ लावत होता. त्यानं डबी काढून दिली आणि वर मूठभर हुरडा माझ्या रुमालात बांधला.

गुरुवारी तपासणीला आलेले गृहस्थ प्रयोगशाळेच्या दारातच थांबले. आत पाऊल टाकलं नाही.

"गॅल्व्हानोमीटर?"

"आहे."

त्यांनी खूण केली आणि पुढच्या वस्तूकडे वळले. नुसतं कडंसुद्धा चाललं असतं. कडं नसतं तरी चाललं असतं. पण परीक्षेला ते चाललं नसतं, असं मी स्वतःला बजावलं आणि त्यांना चहा दिला.

परीक्षेत एकेकीला चिठ्ठी उचलून प्रयोग मिळायचा. टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर त्या मुनिमाच्या मुलीलाच आला. प्रयोगाच्या टेबलाजवळ लोखंड न्यायचं नाही, हे मी वर्षभर ओरडून सांगितलं होतं. दाराशी एक टोपली असायची. आत येताना मुली केसांतले आकडे, बुरख्याच्या पिना, कंपासपेट्या त्यात टाकायच्या. त्या दिवशी टोपली भरली होती. मुलीनं कडं उत्तर-दक्षिण रेषेत लावलं, सुई शून्यावर आणली, वीज सोडली. मग प्रवाहाची दिशा उलटवली. दोन्ही बाजूंना सुई सारखीच वळायला हवी. एकीकडे ती पाच-सहा अंश कमी वळत होती. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा कपाळावर चढवून तिच्या मागे येऊन उभे राहिले. मी टेबलाला खेटूनच उभी होते; आणखी वाकून पाहायला गेले. आणखी दोन अंश गेले.

"यंत्र जुनं आहे," परीक्षक माझ्याकडे पाहून म्हणाले. "वाटणीच्या गडबडीत बिघडलेलं दिसतं."

हे जर त्यांनी कागदावर लिहिलं तर केंद्र आणि प्रयोग दोन्ही गेली.

"नाही सर," मुलगी म्हणाली. वर्षभरात तिला वर्गात इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, चाब्या."

सगळ्या कपाटांच्या लोखंडी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचलेला होता. सकाळपासून.

मी मागे सरले, दारापर्यंत गेले आणि जुडगा टोपलीत टाकला. सुई दोन्हीकडे सारखी वळली. परीक्षकांनी चष्मा खाली घेतला आणि तिला विचारलं, किल्ल्यांचा परिणाम किती अंतरापर्यंत राहील असं वाटतं? ती म्हणाली, मोजून सांगते. पाच मिनिटांसाठी किल्ल्या परत मागवल्या. मी माझ्याच किल्ल्या हातात धरून, तिच्या सांगण्याप्रमाणे एक-एक पाऊल मागे सरत, अख्ख्या प्रयोगशाळेसमोर उभी राहिले.

परीक्षा संपल्यावर मी औरंगाबादला पत्र लिहिलं. मागील महिन्यात आमच्याकडून आलेला आरशाचा गॅल्व्हानोमीटर नादुरुस्त आहे, पट्टी कोणत्या मापाची हवी ते सोबत देत आहे, ती इकडे मिळत नाही, मुंबईस चौकशी करावी. खाली माझं नाव आणि सही. कुणी चौकशी काढली असती तर नोकरी गेली असती, पण तो कारकून आणि त्याचा फळ्यावरचा मास्तर काही केल्या डोक्यातून जाईनात. पावसाळ्यात उत्तर आलं. सदर नग सुस्थितीत मिळाला असून नोंद घेतली आहे; याबाबत पुढील पत्रव्यवहार करू नये. मी दुसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. ते नळकांडं तिकडच्या कुठल्या कपाटात लखलखत उभं असेल, आणि माझ्यासारखीच कुणी डेमॉन्स्ट्रेटर ते कुणी पाठवलं म्हणून शिव्या देत असेल, तर त्या शिव्या माझ्याच आहेत.

निकाल लागला तेव्हा मुनीम पेढे घेऊन आले. मुलगी मागे होतीच. या वेळी ते खुर्चीवर बसले.

"फर्स्ट क्लास आला, बाई. तुम्ही सेंटर इथं ठेवलंत म्हणून."

"पुढे काय?"

"ही मेडिकल म्हणते." त्यांनी पेढ्यांच्या पुड्याची दोरी पुन्हा बांधली, मग पुन्हा सोडली. "मुलींचं वेगळं मेडिकल कॉलेज असेल ना?"

"इथं नाही."

"मग मुलं असतील वर्गात."

"असतील. पेशंटही असतील, त्यांत बाप्येही असतील."

"बाई, तुम्ही असं एकदम..." ते थांबले. "स्थळवाले अजून थांबलेत. आता त्यांना काय सांगू?"

"त्यांना काय सांगायचं ते मला विचारू नका. मी फिजिक्स शिकवते."

मला वर्गावर जायचं होतं आणि घंटा झाली होती. शेवटी त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. मुलीनं फॉर्म काढून पुढ्यात ठेवला. सही कुठं करायची ते त्यांना शोधावं लागलं नाही. तिनं त्या जागी आधीच पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती.